काढलेल्या दाढेची मुदत

चणे आहेत तर दात नाहीत आणि दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण आपण व्यापारी मंडळी भांडवल आणि बाजार यांविषयी बोलताना वारंवार वापरतो. प्रत्यक्ष दातांविषयी बोलताना मात्र ती सहसा कोणास आठवत नाही. दुखरी दाढ लवंगेच्या तेलावर महिनोन्‌महिने ढकलावी, अगदीच असह्य झाले म्हणजे एखाद्या दुपारी दंतवैद्याकडे जाऊन ती काढून घ्यावी, आणि सायंकाळी पुन्हा गादीवर बसून ‘एक कटकट गेली’ असे समाधान मानावे, हा आपल्या पेठांतील परिपाठ होय. दाढ गेली म्हणजे खाते मिटले, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्याच दिवशी एक नवे खाते उघडलेले असते आणि त्या खात्यास मुदत असते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे कार्यकारी मंडळाने सुचविले, तेव्हा बाजारपेठ, करपद्धती आणि दळणवळण यांवर अधिकारवाणीने लिहिणारे सभासद संघात पुष्कळ आहेत, हे ध्यानी घेऊन आम्ही आमच्या एका दाढेचा जमाखर्च मांडण्याचे ठरविले. आम्ही वैद्य नव्हे. पुढील मजकूर हा काही सोसून, काही विचारून आणि काही वाचून जमविलेला आहे. दाढ काढल्यानंतर तिच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात बसणारे कृत्रिम मूळ, केव्हा बसवावे, एवढ्याच एका प्रश्नाभोवती तो फिरतो.

पाच वर्षांचा हिशेब

इ. स. २०१७ च्या मे महिन्यात खालच्या जबड्यातील आमची डावीकडची पहिली दाढ शेंगदाण्यातील एका खड्याने उभी चिरली. या दाढेचे रूट कॅनॉल पूर्वीच झाले होते. वर टोपी बसवून घेण्याचे मात्र ‘पुढल्या महिन्यात’ म्हणून राहिले होते. चीर मुळापर्यंत गेल्यामुळे दाढ वाचविता येणार नाही, असे बेळगावातील आमच्या दंतवैद्यांनी सांगितले आणि ती काढली. निघताना ते म्हणाले, “तीन महिन्यांनी या. तोवर हाड भरून येईल, मग इम्प्लांट बसवू. फार उशीर मात्र करू नका.” फार उशीर म्हणजे किती, हे त्यांनी सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. तीन टक्के व्याजाची सवलत असती तर आम्ही तारीख, वेळ आणि साक्षीदार यांसह लिहून घेतली असती.

त्यानंतर काय घडले, ते आपल्यापैकी प्रत्येकास ओळखीचे वाटेल. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि पुढील काही महिने आमची पेढी विवरणपत्रांत बुडून गेली. मग पर्युषण आले, मग दिवाळी आली, वहीपूजन झाले. २०१८ साली घरात मंगलकार्य होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराने बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली या तिन्ही जिल्ह्यांना वेढले. आमची येणी गावोगाव अडकली. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. अशा रीतीने तीन महिन्यांचे पावणेचार वर्षे झाली. दुखत नव्हते, हे त्यातील खरे कारण. दुखणाऱ्या जागेकडे माणूस लक्ष देतो. रिकाम्या जागेकडे देत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये आम्ही एकदाचे तपासणीस गेलो. त्रिमिती क्ष-किरण चित्र, ज्यास सीबीसीटी म्हणतात, ते काढण्यात आले. दाढ होती तेथील हाड माथ्याशी जेमतेम तीन मिलिमीटर रुंद उरले होते. शेजारची दुसरी दाढ मोकळ्या जागेत पुढे कलंडली होती, आणि वरच्या जबड्यातील समोरची दाढ आधार न राहिल्याने खाली उतरू लागली होती. जे काम वेळेवर गेलो असतो तर एका शस्त्रक्रियेत झाले असते, त्याचे आता तीन भाग झाले: प्रथम हाड वाढविणे, मग सहा महिने थांबून इम्प्लांट, आणि पुढे चार महिन्यांनी वरची दाढ. मे २०१७ मध्ये गेलेली आमची दाढ मे २०२२ मध्ये परत आली. खर्च दुपटीहून अधिक झाला; परंतु त्या पाच वर्षांत एका बाजूने चावून चावून दुसऱ्या बाजूच्या दाढांची जी झीज झाली, तिची नोंद कोणत्याच वहीत नाही.

रिकाम्या खोबणीत काय घडते

दात काढल्यावर त्याची खोबण रक्ताने भरते आणि रक्ताची गाठ बनते. ही गाठ म्हणजे पुढील सर्व दुरुस्तीचा पाया होय. म्हणूनच पहिले चोवीस तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, नळीने ओढून पेय पिऊ नये, असे बजावून सांगतात. गाठ निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघड्या हाडाची तीव्र वेदना सुरू होते. गाठ टिकली तर आठवड्याभरात तेथे नवे मऊ पेशीजाल तयार होते. चार ते सहा आठवड्यांत वरून हिरडी मिटते. आत कोवळे हाड विणले जाऊ लागते आणि तीन-चार महिन्यांत खोबण बहुतांशी हाडाने भरते. ते हाड पक्के होण्यास आणखी काही महिने लागतात.

येथपर्यंतची गोष्ट सर्वांस ठाऊक असते, आणि ‘जितके अधिक थांबावे तितके हाड अधिक चांगले’ असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. येथेच फसगत होते. खोबण आतून भरत असतानाच बाहेरून जबड्याची कड झिजत असते. दाताच्या मुळाला लागून जे पातळ हाड असते, ते दातासाठीच जन्मास आलेले असते. दाताच्या मुळापासून येणारे तंतू त्यात रुतलेले असतात. दात गेला की त्या हाडाचे प्रयोजन संपते आणि शरीर ते विरघळवून टाकते. ओठाच्या व गालाच्या बाजूची भिंत मुळातच पातळ असल्यामुळे तिची हानी सर्वांत अधिक होते.

डेन्मार्कमधील आरहूस येथील दंतवैद्यांनी २००३ साली ४६ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक दाढ किंवा उपदाढ काढल्यावर त्या जागेची रुंदी बारा महिन्यांत सरासरी १२ मिलिमीटरवरून सुमारे ६ मिलिमीटरवर आली, म्हणजे निम्मी झाली. आणि या घटीपैकी दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच घडली. इम्प्लांटची जाडी सामान्यतः साडेतीन ते पाच मिलिमीटर असते आणि त्याच्या दोन्ही अंगांस निदान दीड मिलिमीटर हाड असावे लागते. सभासदांनी बेरीज स्वतः करून पाहावी. वर्षभराने सहा मिलिमीटर उरले असता व्यवहार काठावर येतो, आणि त्याहूनही अधिक दिवस गेले तर काय होते, त्याचा दाखला आम्ही स्वतः आहोत. वरच्या जबड्यात मागील बाजूस आणखी एक अडचण असते. तेथे दाढेच्या मुळांवरच सायनसची पोकळी असते. दाढ गेल्यावर ती पोकळी हळूहळू खाली पसरते आणि हाडाची उंची कमी करते.

तात्पर्य, हाड एकीकडे जमा होत असते आणि दुसरीकडे खर्ची पडत असते. भरपूर जमा झाली आहे व खर्च अजून हाताबाहेर गेलेला नाही, असा जो काळ, तोच गाठावयाचा असतो.

हाड धातूस कसे धरते

हा सर्व खटाटोप ज्या शोधावर उभा आहे त्याची हकीकत मनोरंजक आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची लहानशी नळी बसविली होती. काम संपल्यावर ती काढू गेले तर ती निघेना. हाड धातूस चिकटून एकजीव झाले होते. या अडचणीतूनच त्यांना पुढील मार्ग सुचला. १९६५ साली गोथेनबर्ग येथे योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी पहिले टायटॅनियमचे इम्प्लांट बसविले. लार्सन २००६ साली वारले, तोपर्यंत म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ, ती मुळे त्यांच्या उपयोगी पडली. तरीही दंतवैद्यकाच्या जगाने ही गोष्ट सहजासहजी मान्य केली नाही. १९८२ साली कॅनडातील टोरोंटो येथे झालेल्या परिषदेनंतर ती सर्वत्र स्वीकारली गेली.

ब्रोनेमार्क यांची पद्धत सावकाशीची होती. दात काढल्यावर हाड पूर्ण भरू द्यावे, मग इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवावे, आणि खालच्या जबड्यात तीन व वरच्या जबड्यात सहा महिने त्यावर भार देऊ नये, असा त्यांचा दंडक होता. पुढे पृष्ठभाग खडबडीत केलेली इम्प्लांटे निघाली, ती हाड लवकर धरतात; त्यामुळे हा काळ आता पुष्कळ ठिकाणी दोन-तीन महिन्यांवर आला आहे. परंतु थांबण्याचे कारण बदललेले नाही. इम्प्लांट बसविल्या दिवशी जो घट्टपणा असतो, तो स्क्रूच्या आट्यांचा असतो. दुसऱ्या आठवड्यापासून आट्यांजवळचे जुने हाड शरीर हळूहळू काढून नेते आणि त्याच्या जागी नवे हाड आणून भरते. जुना माल वखारीतून उचलला गेला आहे आणि नवा अजून वाटेत आहे, अशी स्थिती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यास येते. नेमक्या त्या वेळी इम्प्लांट सर्वांत नाजूक असते, आणि नेमक्या त्याच वेळी दुखणे थांबलेले असल्यामुळे रोगी चकली खाऊन पाहतो.

दर्शनी आणि मुदती

आपल्या वाडवडिलांच्या व्यवहारात दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी असे दोन प्रकार असत. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत. मुदती हुंडीस ठरल्या दिवसापर्यंत थांबावे लागे. मुदतीपूर्वी पैसे मागणे जसे अनुचित, तसेच मुदत उलटून गेल्यावर हुंडी पेटीतून काढणेही धोक्याचे. दाताचेही असेच आहे. दात काढल्यापासून इम्प्लांट बसविण्यापर्यंतच्या काळाचे चार प्रकार तज्ज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एकमताच्या निवेदनात ठरविले, आणि आजही दंतवैद्य त्यांच्याच आधारे बोलतात.

पहिला प्रकार तत्काळचा. दात काढला त्याच बैठकीत इम्प्लांट बसवावयाचे. आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांची वरची उपदाढ २०२३ मध्ये तुटली. वय बत्तीस, खोबणीच्या चारही भिंती शाबूत, पू नाही, आणि मुळाच्या टोकापलीकडे स्क्रूला पकड मिळेल इतके हाड. त्यांचे काम एका दिवसात झाले. परंतु हा दर्शनी व्यवहार सर्वांस लागू पडत नाही. इम्प्लांट लगेच बसविले म्हणजे हाडाची झीज थांबते, असा पूर्वी समज होता. तो २००५ च्या सुमारास झालेल्या संशोधनाने खोटा ठरविला. भिंत झिजावयाची ती झिजतेच. म्हणून ती जाड असली, तरच ही घाई परवडते.

दुसरा प्रकार चार ते आठ आठवड्यांनंतरचा. तोवर हिरडी मिटलेली असते, दाह ओसरलेला असतो आणि कड फारशी खचलेली नसते. २०२२ च्या नोव्हेंबरात आमच्या सौभाग्यवतींचा मंदिराच्या पायरीवर पाय घसरला आणि वरचा पुढचा दात मुळात मोडला. घरात लग्न ठरलेले. ‘आजच्या आज बसवून द्या’ असा त्यांचा आग्रह. दंतवैद्यांनी चित्र दाखवून समजाविले की ओठाकडील भिंत, जी बहुतेकांत एक मिलिमीटरहूनही पातळ असते, तिला तडा गेला आहे. आज घाई केली तर वर्षभरात हिरडी वर सरकेल आणि हसताना धातूची कड दिसेल. त्यांनी तात्पुरता काढता-घालता येणारा दात दिला, लग्नातील छायाचित्रे त्याच दातावर पार पडली, आणि सहाव्या आठवड्यात इम्प्लांट बसले. आज तो दात कोणता, हे आम्हांसही चटकन ओळखता येत नाही.

तिसरा प्रकार बारा ते सोळा आठवड्यांनंतरचा. मागील दाढांना दोन-तीन मुळे असतात आणि त्यांची खोबण इतकी रुंद असते की इम्प्लांटास धरावयास मध्ये काहीच नसते. अशा ठिकाणी हाड बऱ्याच अंशी भरू देणे इष्ट ठरते. आम्हांस २०१७ साली हीच मुदत सांगितली होती. चौथा प्रकार सोळा आठवड्यांहून अधिक काळानंतरचा. त्यात हाड पक्के मिळते, पण किती उरले आहे ते पाहून मगच बोलावे लागते. मोठी गाठ किंवा विस्तृत संसर्ग असलेल्या रोग्यांस तो मार्ग मुद्दाम पत्करावा लागतो. आमच्यासारखे त्या वर्गात आळसाने जाऊन बसतात.

भरणीच्या द्रव्याविषयी

जेथे पुढे थांबणे अपरिहार्य आहे, तेथे दात काढतानाच खोबणीत हाडाची भरणी करून ठेवण्याची सोय आहे. त्यामुळे झीज पूर्णपणे थांबत नाही, पण पुष्कळ कमी होते. याच संदर्भात आपल्या समाजाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट सांगणे आवश्यक आहे.

२०२१ साली आमचे हाड वाढवावयाचे ठरले, तेव्हा शस्त्रक्रियेच्या दिवशी, खुर्चीवर बसल्यानंतर, सहज म्हणून आम्ही समोरच्या लहान कुपीत काय आहे असे विचारले. ते गुरांच्या हाडांपासून केलेले द्रव्य होते, आणि त्यावर घालावयाचा पडदा डुकराच्या कातड्यापासून केलेला होता. कोणी आमच्यापासून काही लपविले होते, असे नव्हे. कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारले नव्हते. आम्ही उठून घरी आलो. दंतवैद्यास याचे नवल वाटले, आणि आम्हांस त्यांच्या नवलाचे नवल वाटले. दुसरा मार्ग शोधण्यात आणखी काही महिने गेले.

मार्ग होता. कॅल्शियम फॉस्फेटपासून प्रयोगशाळेत केलेली भरणी मिळते, काचेच्या जातीची जैवक्रियाशील भरणी मिळते, आणि रोग्याच्याच जबड्यातून थोडे हाड घेता येते. रोग्याचे स्वतःचे रक्त यंत्रात फिरवून त्यातील तंतूंचा जाळीदार पडदा करण्याची युक्ती २००१ साली फ्रान्समध्ये निघाली. ती आता आपल्याकडेही प्रचारात आहे. कृत्रिम भरणीपैकी काही प्रकार लवकर विरघळतात आणि प्राणिज भरणी आकार अधिक काळ धरते, हे आमच्या नव्या दंतवैद्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. सर्व ऐकून आम्ही कृत्रिम भरणीच पत्करली आणि ती उत्तम लागली. हाच प्रश्न टाक्यांच्या धाग्यांविषयीही विचारावा: रेशीम आणि कॅटगट यांऐवजी नायलॉनचा किंवा कृत्रिम विरघळणारा धागा मिळतो. रक्त थांबविण्यासाठी जिलेटिनच्या स्पंजाऐवजी वनस्पतिजन्य सेल्युलोजचा स्पंज मिळतो. औषधांची वेष्टनेही पुष्कळदा जिलेटिनची असतात. ज्यांना या गोष्टींचे महत्त्व वाटते त्यांनी त्या आधी विचाराव्या. खुर्चीवर बसल्यावर विचारण्यात कोणाचाच लाभ नाही. ज्यांचे चौविहार आहे त्यांनी तेही सांगावे, म्हणजे औषधाच्या मात्रा दिवसा बसविता येतील.

थांबणे केव्हा योग्य

आम्ही विलंबाविरुद्ध लिहीत आहोत. यावरून घाई हाच उपाय, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मधुमेह ताब्यात नसेल तर प्रथम तो आणावा; मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीए-वन-सी तपासणी करून घ्यावी. तंबाखू, गुटखा आणि विडी-सिगारेट यांनी हिरडीचा रक्तपुरवठा घटतो व इम्प्लांट निकामी होण्याचा संभव वाढतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी काही औषधे देतात. अॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड व डेनोसुमॅब ही त्यांतील प्रसिद्ध नावे. त्यांमुळे क्वचित दात काढल्यावर जबड्याचे हाड न भरता मृत होते. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना ही औषधे पुष्कळदा चालू असतात आणि वर्षातून एकदाच घ्यावयाचे इंजेक्शन ‘औषध’ म्हणून त्यांच्या स्मरणातही राहत नाही. दात काढण्यापूर्वीच ते सांगितले पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. तो निर्णय हृदयाच्या वैद्याचा.

मुलांच्या बाबतीत तर थांबणे हाच नियम. चौदा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात खेळताना गेला, तर आईबापांना इम्प्लांटाची घाई होते. परंतु इम्प्लांट हाडाशी जखडलेले असते. शेजारचे दात जबड्याच्या वाढीबरोबर सरकतात, ते सरकत नाही, आणि काही वर्षांत ते आखूड दिसू लागते. वाढ पुरी होईपर्यंत चिकटविलेला किंवा काढता-घालता येणारा दात द्यावा. शिवाय प्रत्येक गेलेल्या दाताची भरपाई केलीच पाहिजे, असेही नाही. अक्कलदाढेच्या जागी काहीच लागत नाही. शेजारचे दोन्ही दात आधीच टोपीस आलेले असतील तर ब्रिज हा उपाय सोयीचा ठरतो. मात्र शाबूत दात तासून ब्रिज करणे हे नुकसान होय, हे जाणून करावे.

दाढ काढण्यापूर्वीचे प्रश्न

सर्व अनुभवाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, नव्या दाताचा विचार जुना दात तोंडात असतानाच करावा. सूज किंवा ताप असून दात तातडीने काढणे भाग असेल तर गोष्ट निराळी. एरवी चार दिवसांची उसंत असतेच. तेवढ्यात दंतवैद्यांना इतके विचारावे: हा दात खरोखर वाचणार नाही काय? गेल्यावर त्या जागी काय करावयाचे? इम्प्लांट असेल तर या चारांपैकी कोणत्या मुदतीत, आणि का? खोबणीत भरणी हवी काय, आणि ती कशाची? मधल्या काळात कोणता तात्पुरता दात मिळेल? मिळालेली मुदत तारखेनिशी लिहून घ्यावी. इम्प्लांट बसल्यावर त्याच्या डबीवरील चिठ्ठी, जिच्यावर कंपनीचे नाव, माप व माल-क्रमांक असतो, ती मागून घेऊन जपून ठेवावी. वीस वर्षांनी एखादा भाग बदलावा लागला, तर बिलापेक्षा ती चिठ्ठीच अधिक उपयोगी पडते.

आपल्या व्यवसायाचे एक पंचांग असते, त्याकडे पाहूनही ही आखणी करता येते. दीर्घ उपवासाच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठेवू नये. जखम भरण्यास आहार लागतो आणि औषधे वेळेवर घ्यावी लागतात. दिवाळीत काढावयाची दाढ दोन महिने आधी काढली, तर बारा आठवड्यांची मुदत लग्नसराईपूर्वी येते. व्यापाऱ्यास तारखा जुळविणे कोणी शिकवावयास नको. आम्ही फक्त ती कला या एका गोष्टीस लावली नाही, कारण या व्यवहारात तगादा करणारा कोणी नव्हता.

आपल्या संघात पन्नाशी उलटलेले सभासद पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी किती जणांच्या तोंडात एखादी जागा कित्येक वर्षे रिकामी आहे, हे भोजनसमारंभात कोण कोणत्या बाजूने चावतो यावरून आम्हांस आता कळू लागले आहे. त्यांना आमची एवढीच विनंती की, येत्या आठवड्यात एक दुपार काढून ती जागा दाखवून यावी. फार उशीर झाला असेल, तरी किती झाला आहे ते कळेल, आणि पुढील मार्ग तेथूनच सुरू होईल. ज्यांची दाढ अद्याप ठणकत आहे, परंतु तोंडात आहे, त्यांचे भाग्य आमच्याहून थोर आहे. त्यांनी ती काढण्यास जाण्यापूर्वी हा लेख एकदा पुन्हा वाचावा आणि वरील प्रश्न एका चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवावे.